तिन्हीसांजेला सुरू, रात्री दहाला बंद

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की तान्ह्या बाळाच्या रडण्याबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. झालं, पेडण्यापासून काणकोणापर्यंत जणू सगळी बाळं ठरवून रडतायत असं वाटावं इतकी पत्रं आली, आणि निम्म्याहून जास्त पत्रांत तीच वेळ, तीच तक्रार. सगळ्यांना वेगवेगळं लिहिणं जमणार नाही म्हणून पाच पत्रं घेतलीत. नावं काढलीत, थोडी काटछाट केलीय.

डॉक्टर मॅडम, माझा पहिलाच मुलगा, पाच आठवड्यांचा. दिवसभर शहाण्यासारखा असतो, पण संध्याकाळी देवाकडे दिवा लावला की सुरू. तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, मधेमधे वारा पण सरतो, आणि साडेदहापर्यंत काही केल्या थांबत नाही. सासूबाई म्हणतात दिश्ट लागली, रोज मीठ-मिरच्या ओवाळतात. माझी आई म्हणते बेंबीला हिंग लाव. शेजारची वहिनी म्हणते तुझं दूधच बाधतंय त्याला, डाळ सोड, आळसांदे सोड, नुस्तं सोड. मी आता पेज आणि मेथी सोडून काहीच खात नाही. खरंच माझ्या दुधात दोष आहे का? – एक आई, डिचोली

नाही. बाकीचं उत्तर लांबलचक आहे म्हणून हे आधीच सांगून टाकते, दुधात दोष नाही. आज रात्री डाळ-भात आणि हुमण खा.

तुम्ही लिहिलंय ते अगदी पुस्तकातल्यासारखं कॉलिक आहे. कॉलिक म्हणजे रोग नव्हे हं, एका विशिष्ट तऱ्हेच्या रडण्याला दिलेलं ते नाव आहे. १९५४ साली मॉरिस वेसेल नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने त्याची व्याख्या केली: दिवसात तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त, आणि असं तीन आठवड्यांपेक्षा जास्त. आता तीन आठवडे घड्याळ घेऊन कोण बसणार, तोपर्यंत आईच कोसळायची, म्हणून २०१६ च्या नव्या निकषांत हे तीन-तीन-तीन बाजूला ठेवलं आणि सरळ म्हटलं की पाच महिन्यांच्या आतलं बाळ, पुन्हापुन्हा आणि खूप वेळ रडतंय, कारण सापडत नाही, आईबापाला थांबवता येत नाही, पण ताप नाही, आजार नाही, वाढ चांगली आहे, तर ते कॉलिक. साधारण पाचात एका बाळाला होतं. दोन-तीन आठवड्यांचं असताना सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपलंआपण ओसरतं. तुमचा पाच आठवड्यांचा आहे ना, म्हणजे पुढचा आठवडा आणखी वाईट जाऊ शकतो. घाबरवत नाहीये, आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर तुम्हाला वाटेल कालचं औषध उलटलं.

मुलगे-मुली दोघांना सारखंच होतं. आणि अंगावर पिणाऱ्यांना आणि डब्याचं दूध पिणाऱ्यांना पण सारखंच होतं. आता आईच्या दुधाचाच दोष असता तर डब्यावरची बाळं संध्याकाळी गप्प झोपली असती की नाही? वहिनींना हे सांगा.

कारणाबद्दल आम्हा डॉक्टरांचंही एकमत नाही. गॅस म्हणाल तर बाळाच्या पोटात तो असतो खरा, पण बराचसा तो रडण्यामुळे होतो, एवढं घसा फोडून रडताना बाळ हवा गिळतं, ती खालून सुटते आणि आपण म्हणतो बघा, गॅसमुळेच रडत होतं. काहींच्या मते आतड्यातल्या जंतूंची घडी अजून बसलेली नसते, कॉलिक असलेल्या बाळांच्या शीमध्ये चांगले जंतू कमी आणि गॅस करणारे जास्त सापडलेत. काही म्हणतात पोटाचा संबंध थोडाच, डोक्याचा जास्त: दिवसभर उजेड, आवाज, पाहुणे, हा घे तो घे, हे सगळं सहन करून संध्याकाळी त्या इवल्या मेंदूचा फ्यूज उडतो आणि स्वतःला शांत करायचं बटण अजून बसलेलं नसतं. मायग्रेन असलेल्या आयांच्या बाळांना कॉलिक जास्त होतं असंही दिसलंय. घरात कुणी सिगरेट-विडी ओढत असेल तर त्याचाही संबंध लावतात. मला विचाराल तर दोन-तीन गोष्टी मिळून होत असावं, प्रत्येक बाळात थोडं वेगळं.

आणि दिश्ट. सासूबाईंवर रागावू नका, त्यांनी वेळ बरोबर ओळखलीय. कॉलिकची वेळच मुळी तिन्हीसांजेची, म्हणून आपल्याकडे ती दृष्टीची वेळ ठरली. त्या ओवाळतात, बाळ दहाला थकून झोपतं, दिश्ट उतरली. तुमची आई हिंग लावते, बाळ दहाला झोपतं, हिंगाने काम केलं. तीन महिन्यांनी रडणं कायमचं बंद होतं तेव्हा जे काही हातात असेल, ताईत असो, ड्रॉप्स असोत की एखाद्या डॉक्टरचं महागडं प्रिस्क्रिप्शन असो, श्रेय त्याला मिळतं आणि पुढच्या बाळंतिणीला तेच सांगितलं जातं. माझ्यासकट सगळ्यांचं असं नाव झालेलं आहे. तर मीठ-मिरच्या बाळावरून उतरवायला काही हरकत नाही, फक्त त्या जाळताना बाळाच्या खोलीत नको, आणि धुरी तर नकोच नको.

करायचं काय? सुरू झालं की आधी बघून घ्या, भूक नाही ना, लंगोट ओला नाही ना, टोपरं-मोजे घालून जून महिन्याच्या उकाड्यात शिजत तर नाही ना. मग दिवे कमी करा, पाहुणे बाहेर. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं कोपराच्या खळगीत, पोट हाताच्या लांबीवर, पाय दोन्ही बाजूंना लोंबलेले, आणि हळूहळू फिरा. कुणाकुणाला कोमट पाण्याची आंघोळ आवडते, कुणाला उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून घेतलेलं. पाय सायकलसारखे फिरवा. माझी मुलगी अशीच रडायची, फोंड्याला भाड्याच्या घरात राहायचो तेव्हा, आणि मी बालरोगतज्ज्ञ असून मला काही सुचायचं नाही, एकदा तिला असं हातावर घेऊन मागच्या दारी न्हाणीपाशी उभी होते, तेवढ्यात घरमालकाने विहिरीचा पंप लावला आणि त्या घर्रर्र आवाजात ती एकदम गप्प. दुसऱ्या दिवशी मी सात वाजता पंप लावायला सांगितला. काही उपयोग झाला नाही. हे असंच असतं, आज चाललं ते उद्या चालेल असं नाही, म्हणून चार-पाच युक्त्या हाताशी ठेवायच्या.

दिवसा सुद्धा जास्त वेळ अंगाखांद्यावर ठेवा. माँट्रियलमध्ये १९८६ साली एक प्रसिद्ध अभ्यास झाला, त्यात साध्या, कॉलिक नसलेल्या बाळांना रोज जास्तीचे काही तास उचलून घेतलं तर सहाव्या आठवड्यात ती ४३ टक्के कमी रडली. पुढे कॉलिकवाल्या बाळांवर तेच करून बघितलं तेव्हा तेवढा फरक दिसला नाही हेही सांगते, पण उचलून घेतल्याने पोर लाडावतं हे मात्र खोटं, एवढ्या वयात लाडावायची अक्कल नसते त्यांना.

खाण्याबद्दल: आळसांदे, कोबी, वाटाणे खाऊन गॅस होतो तो तुमच्या आतड्यात, तो काही दुधात उतरत नाही. दुधात उतरतात ती काही प्रथिनं, मुख्यतः गाईच्या दुधाची, आणि ती काही थोड्या बाळांना खरंच बाधतात, त्याचं पुढच्या एका पत्रात येईल. तोपर्यंत पोटभर जेवा. दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय आणि वजन रोजचं २० ते ३० ग्रॅमच्या हिशोबाने वाढतंय तर तुमचं दूध उत्तम आहे.

डॉक्टरबाई, आमच्या वेळी कॉलिक-बिलिक काही नव्हतं. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, जायफळ उगाळून घुटी दिली, वर दोन थेंब मध, की पोर गाढ झोपायचं. मी पाच वाढवले, वयजीण होती गावात, तिने सांगितलं ते केलं. आता सून म्हणते डॉक्टरने नको म्हटलंय, ग्राइप वॉटर पण देऊ देत नाही. एवढं काय वाईट आहे त्यात? – एक आजी, मार्दोळ

आजी, नमस्कार. पाच वाढवलेत म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा अनुभवी. पण 'गाढ झोपायचं' म्हणता ना, तिथेच माझी भीती आहे. जायफळाने गुंगी येते. वेखंड जास्त उगाळलं गेलं की लहान बाळाला उलट्या होतात, सुस्ती येते. सहाणेवर किती वळसे द्यायचे ते तुमच्या बोटांना माहीत असेल, सुनेच्या बोटांना नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या वेखंडाच्या तुकड्याची ताकद तर कुणालाच माहीत नाही. त्यातून सहाण, पाणी, हात, सगळं स्वच्छ पाहिजे. पूर्वी मुंबईत गिरणीवर जाणाऱ्या बायका पोरांना बाळगोळी द्यायच्या, त्यात अफू असायची, ती पोरं सुद्धा गाढच झोपायची.

मध मात्र अजिबात नको, एक वर्ष होईपर्यंत बोटाला लावून सुद्धा नाही. मधात कधीकधी एका जंतूची बीजं असतात, मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात आणि बाळ लुळं पडतं, श्वासापर्यंत जातं. हिंग बेंबीभोवती लावा, खुशाल लावा, त्या निमित्ताने पोटावर गरम हात फिरतो तेच बाळाला आवडत असावं. कातडी लाल झाली तर पुसून टाका. पण पोटात देऊ नका, हिंग पाजल्यामुळे तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू वाहीनासं होऊन ते निळं पडल्याची नोंद वैद्यकीय मासिकांत आहे.

आता ग्राइप वॉटर. त्याची गंमत ऐका. १८५१ च्या सुमाराला इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने ते काढलं, दलदलीच्या भागात हिवतापाच्या पोरांना जे औषध द्यायचे त्यावरून त्याला सुचलं. त्यात बाळंतशेपेचं तेल, खायचा सोडा, साखर, आणि दारू! हो, अल्कोहोल. कित्येक पिढ्या पोरं 'शांत' झाली त्याचं बरंचसं रहस्य तिथे असणार. आता त्यात अल्कोहोल नसतं, मग राहिलं काय, गोड पाणी आणि बडीशेप-बाळंतशेपेचा वास. गोड चाटवलं की बाळ दोन मिनिटं चाटत बसतं एवढंच. विष नाही, पण कामाचंही नाही, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको असं आपण सांगतो त्यात ते बसत नाही.

एक विनंती करू? संध्याकाळी सात ते नऊ नातवाला तुम्ही घ्या आणि सुनेला आतल्या खोलीत झोपू द्या. तेल लावून हलक्या हाताने मालीशही तुम्हीच करा, फीडनंतर लगेच नको, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. तुमच्या हाताला जी सवय आहे ती कुठल्याच बाटलीत मिळत नाही.

डॉक्टर, मी बंदरात शिफ्ट ड्यूटी करतो, बायको दिवसभर एकटी असते. बाळ सात आठवड्यांचं. केमिस्टने तीन तऱ्हेचे ड्रॉप्स दिले, कुठले चांगले ते सांगा. अजून एक, कुणाला सांगितलेलं नाही, परवा रात्री दोन वाजता मला इतका राग आला की मी त्याला जवळजवळ हलवलंच असतं. नंतर स्वतःचीच भीती वाटली. – वास्को

ड्रॉप्सचं नंतर. तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण असं वाटणारे तुम्ही एकटे नाही, माझ्यासमोर बसून कितीतरी बाप आणि आया हेच कबूल करतात, रडत रडत. राग येणं हा गुन्हा नाही. पण बाळाला गदागदा हलवणं, काही सेकंद जरी, तरी त्याची मान एवढी कच्ची आणि डोकं एवढं जड असतं की मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव होतो, पोर दगावतं किंवा आंधळं होतं. म्हणून नियम करून ठेवा: डोक्यात सणक गेली की बाळाला पाळण्यात उताणं ठेवायचं, खोलीचं दार लोटायचं आणि बाल्कनीत जाऊन दहा मिनिटं उभं राहायचं. बाळ रडू दे. दहा मिनिटं रडून त्याला काही होत नाही. मग तोंड धुवा आणि परत या. बायकोलाही हाच नियम सांगा, आणि तिला तसं वाटलं तर तुमच्याशी बोलायला लाज वाटणार नाही असं बघा. बाळंतपणानंतर ती सारखी रडत असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, मरावंसं वाटतं म्हणाली, तर तो 'स्वभाव' नाही, तो आजार आहे आणि बरा होतो. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, तुमच्यासाठीही चालतो.

आता त्या तीन बाटल्या. लेबल वाचा. एकीवर सायमेथिकोन असेल, ते गॅसचे बुडबुडे फोडतं, निरुपद्रवी आहे, पण १९९४ साली अमेरिकेत ते आणि नुसतं खोटं औषध अशी तुलना केली तेव्हा दोन्हीने बाळं सारखीच सुधारली. द्यायचं तर द्या, आशा ठेवू नका. दुसरीवर डायसायक्लोमिन असेल तर ती बाटली आजच फेकून द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते द्यायचंच नसतं, श्वास अडकणं, झटके, बेशुद्धी असं झालेलं आहे, आणि तरी काउंटरवर 'पोटदुखीचे ड्रॉप्स' म्हणून ते हातात येतं याचा मला राग येतो. तिसरी बहुतेक प्रोबायोटिक असेल. त्यात लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी नावाचा जंतू असेल तर त्याबद्दल थोडं बरं बोलता येतं: २०१८ साली चार चाचण्यांतल्या ३४५ बाळांची माहिती एकत्र केली, त्यात अंगावर पिणाऱ्या बाळांचं रडणं कमी झालेलं दिसलं. डब्याच्या दुधावरच्या बाळांत तसं पक्कं काही म्हणता आलं नाही. तुमचं बाळ अंगावर पीत असेल तर आपल्या डॉक्टरला विचारून तीन आठवडे देऊन बघा, रोज पाच थेंब असा साधारण डोस असतो. तोवर बाळ दहा आठवड्यांचं होईल आणि तसंही रडणं उतरणीला लागलेलं असेल, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा!

माझी मुलगी अडीच महिन्यांची. ती संध्याकाळीच नाही तर दिवसभर, दूध पिताना पण रडते, पाठ ताणते. शी चिकट, शेंबडासारखी, दोनदा रक्ताची रेघ दिसली. गालावर पुरळ आहे. सगळे म्हणतात कॉलिक आहे, तीन महिन्यांनी जाईल. थांबू का? – केपे

थांबू नका, या आठवड्यातच दाखवा. हे कॉलिक वाटत नाही, गाईच्या दुधातलं प्रथिन बाधत असण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांनाही तसं वाटलं तर ते तुम्हाला दूध, दही, पनीर, चहातलं दूध सुद्धा दोन ते चार आठवडे बंद करायला सांगतील, स्तनपान मात्र चालू ठेवायचं. फरक पडला तर एकदा परत दूध घेऊन बघायचं, त्रास परत आला तर निदान पक्कं. कॅल्शियमचं विचारून घ्या. मनाने बकरीचं दूध सुरू करू नका, ते पण तसंच बाधतं.

आणि या निमित्ताने सगळ्यांसाठी, रात्री सुद्धा न थांबता बांबोळीला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात कधी न्यायचं: तीन महिन्यांच्या आत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, हिरवी उलटी, शीत बरंच रक्त, टाळू फुगलेली, जांघेत किंवा वृषणात गाठ, बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलंय, सहा-आठ तास लघवी नाही, किंवा रडण्याचा सूरच बदललाय, तीक्ष्ण किंकाळीसारखा किंवा उलट नुसतं कण्हणं. वाहन नसेल तर १०८. आईला 'हे नेहमीचं रडणं नाही' असं आतून वाटलं तरी या, मी त्यावर कधी हसलेले नाही. एकदा अशीच एक आई पावसातून आली होती, रोज संध्याकाळी रडणारं बाळ, पण आज सकाळपासून थांबतच नाही म्हणाली, बाहेरच्या बाकावर सगळे कॉलिक-कॉलिक म्हणत होते. मी कपडे काढत गेले, शेवटी डाव्या पायाचा लोकरीचा मोजा काढला तर मधल्या बोटाला आईचाच एक लांब केस करकचून गुंडाळलेला, बोट जांभळं पडून सुजलेलं. केस इतका रुतला होता की भिंगातून शोधावा लागला. तो कापला आणि पाच मिनिटांत बाळ झोपलं. बाळंतपणानंतर केस गळतात ना, म्हणून रडणाऱ्या बाळाची बोटं एकदा मोजे काढून बघत जा.

मिक्सर लावला की आमचा गप्प बसतो, स्कूटरवर फेरी मारली की झोपतो. चालेल का? – म्हापसा

स्कूटर नाही! बाळाला पोटाशी धरून रात्री म्हापशाच्या रस्त्यावर, खड्डे आणि गाड्या, नको. मिक्सर पण नको, तो फार मोठा आवाज आहे आणि कान कोवळे असतात. तसाच एकसुरी आवाज पाहिजे तर टेबल फॅन चालतो, किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज लावा, हळू, आणि मोबाइल पाळण्यात न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, निदान सहा-सात फूट लांब. झोपला की आवाज बंद करा आणि त्याला उताणं ठेवा, उशी नको, पालथं नको, हातावर कितीही छान झोपलेला असला तरी. आणि मिक्सरमध्ये निदान खोबरं तरी घालत जा, नुसता फिरवून जळेल.